कोणत्या तागडीत तोलले ते आधी सांगा



गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे कार्यकर्ते रायगड जिल्ह्यात, पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला गेलो होतो. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७० साली सिंहगडावर पडल्यावर त्यांचा देह इथेच आणला गेला, इथेच त्यांची समाधी आहे. आपल्या कपाशी-ज्वारीच्या मुलखातून तिथे गेलेल्या माणसाचे डोळे आधी त्या पावसानेच दिपतात. आपल्याकडे वर्षाकाठी जेवढा पडतो त्याच्या तिप्पट-चौपट पाऊस तिथे चार महिन्यांत कोसळतो. खाली भात, वर उतारावर नाचणी आणि वरी. आणि एवढे पाणी पडूनही मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन बाया पाण्याला जातात. म्हणजे कोरडवाहूचे दुःख त्यांनाही ठाऊक आहे, फक्त त्याचा महिना वेगळा.

समाधीला हात जोडून आम्ही एका घरी चहाला बसलो. तेव्हा घरधन्याने खिशातून एक पत्रक काढून आमच्या हातात दिले. गुळगुळीत कागद, हिरवी छपाई. एका कंपनीचा माणूस ते वाटून गेला होता. शेवग्याचा पाला लावा, आम्ही विकत घेऊ, असा मजकूर. आणि खाली मोठ्या अक्षरांत : पालकाच्या २५ पट लोह, दुधाच्या १७ पट कॅल्शियम, संत्र्याच्या ७ पट क जीवनसत्त्व. उताराचे नाचणीचे एक शेत मोडून तिथे शेवगा लावावा काय, हा त्याचा प्रश्न होता. चुलीपाशी बसलेली त्याची आई मध्येच म्हणाली, "आरं, हितं चार महिने पाण्यात उभा राहील व्हय शेवगा? मुळं कुजतील त्याची." म्हातारीचे म्हणणे सोळा आणे खरे होते. शेवगा हे निचऱ्याच्या, कोरड्या जमिनीचे झाड. पाणी साचले की ते बसते. पण आमची जिज्ञासा त्या पटींवर अडकली. परतीच्या एसटीत महाडपर्यंत आम्ही त्याच हिशेबात होतो आणि घरी आल्यावर तक्ते काढून बसलो. जे निघाले ते आपल्या सर्वांच्या कामाचे आहे. कारण तेच पत्रक आता आपल्याही तालुक्यांत फिरते आहे, आणि आपल्याकडे शेवगा खरोखरच येतो.

आधी ओल्या भाजीचा ओल्या भाजीशी हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते देशात प्रमाण मानतात. त्यांच्या १९८९ च्या सुधारित आवृत्तीत १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात ९२ कॅलरी, ६.७ ग्रॅम प्रथिने, ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम, ६,७८० मायक्रोग्रॅम कॅरोटीन आणि २२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. पालकात २६ कॅलरी, २ ग्रॅम प्रथिने, ७३ कॅल्शियम, ५,५८० कॅरोटीन, २८ क जीवनसत्त्व. किलोला किलो लावले तर शेवगा सगळ्यात पुढे. प्रथिने तिपटीहून जास्त, कॅल्शियम सहापट. पालक चितपट.

आता तोच सामना कॅलरीला कॅलरी लावून खेळा. शहरात हल्ली हीच मोजणी चालते. शंभर कॅलरी मिळवायला शेवग्याचा पाला १०९ ग्रॅम लागतो, पालक लागतो ३८५ ग्रॅम. या दोन ढिगांत प्रथिने किती? शेवग्यात ७.३ ग्रॅम, पालकात ७.७. पालक पुढे! कॅरोटीन शेवग्यात सुमारे ७,४०० आणि पालकात साडेएकवीस हजार, म्हणजे जवळजवळ तिप्पट. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वात मात्र शेवगा अजून पुढेच, पण सहापटीची आघाडी पावणेदोन पटीवर आली. भाजी तीच, तक्ता तोच, पान तेच. तागडी बदलली आणि निकाल फिरला.

असे का होते याला काही गूढ विद्या नको. पालकात शंभरात ९२ भाग पाणी आहे, शेवग्याच्या पाल्यात ७६. किलोने तोलता तेव्हा तुम्ही पालकाचे पाणीही तोलता आणि ते त्याच्या विरुद्ध जाते. कॅलरीने भागता तेव्हा पाणी हिशेबातून जाते, कारण पाण्याला कॅलरी नाही. मग ज्या भाजीत पिठूळपणा कमी ती आपोआप वर चढते. व्यापाऱ्याकडे कापूस घेऊन गेल्यावर ओलाव्याची कपात कशी लागते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही.

या कॅलरीच्या तागडीने पालक थेट मटणाच्या पंगतीत नेऊन बसवता येतो. त्याच तक्त्यात मटणाच्या १०० ग्रॅममध्ये १९४ कॅलरी आणि १८.५ ग्रॅम प्रथिने आहेत. शंभर कॅलरीला साडेनऊ ग्रॅम. पालकाची ७.७. म्हणजे फार लांब नाही. पण पाव किलो मटणाची प्रथिने पालकातून घ्यायची तर सव्वादोन किलोवर पालक एका माणसाने खावा लागेल. आमच्यातल्या एकाची म्हैस तेवढा खाईल, तो नाही.

दुसरी गंमत अशी की ही कॅलरी तरी ठाम आहे काय? त्याच संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे नवे तक्ते काढले. त्यात शेवग्याच्या पाल्याची कॅलरी ९२ वरून ६७ च्या आसपास आली. पाला बदलला नाही. जुन्या पद्धतीत तंतूचा फार थोडा भाग वेगळा काढत आणि उरलेला सगळा पिठूळ पदार्थात धरून त्याची कॅलरी मोजत. नव्या मोजणीत सगळा तंतू, १०० ग्रॅमला सुमारे ८ ग्रॅम, वेगळा काढला. पालक २६ वरून २४ वर आला, म्हणजे जवळपास जागच्या जागी. आता ज्याला भागायचे तो आकडाच एकाचा इतका घसरला तर भागाकाराचे काय होणार? नव्या तक्त्याने प्रथिनांत कॅलरीला कॅलरी शेवगा पालकाच्या किंचित पुढे जातो. पालकाचा दावा ज्या खांबावर उभा होता तो खांब कागदावरचा होता.

आता पत्रकातल्या २५ पट लोहाकडे येऊ, कारण खरा डाव तिथे आहे.

शेवग्याच्या वाळवलेल्या पाल्याच्या भुकटीचे आकडे जगभर ज्यांनी पसरवले त्यात लोवेल फ्युगली हे नाव मुख्य आहे. सेनेगलमध्ये काम करताना १९९९ च्या सुमारास त्यांनी कुपोषित मुलांसाठी ही भुकटी वापरली, आणि ते काम मोलाचे होते. त्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅम भुकटीत २८.२ मिलिग्रॅम लोह आहे. पालकाचे लोह आपल्या १९८९ च्या तक्त्यात १.१४ मिलिग्रॅम. भागा. पावणेपंचवीस येतात. पत्रकातले २५ पट हेच.

पण भावांनो, एका पारड्यात सुकवलेली भुकटी आणि दुसऱ्यात ओला पालक! शेवग्याचा ४ किलो ओला पाला वाळवला की १ किलो भुकटी होते. पालकाचा वाळवला तर १ किलोला जवळपास १२ किलो पाला लागेल. म्हणजे पालकाची भुकटी करून समोर ठेवली तर तिचे लोह १.१४ च्या बारापट, तेरा-चौदा मिलिग्रॅम होते. २५ पट कुठल्या कुठे गेले, दोन पट उरले.

हे दोन पटही टिकत नाहीत. पालकाचे लोह जुन्या तक्त्यात १०.९ मिलिग्रॅम छापलेले होते. सुधारणा झाली तेव्हा ते १.१४ झाले. शेवग्याच्या ओल्या पाल्याचे लोह जुन्या तक्त्यात ७ होते, सुधारणेत ०.८५ झाले. आता भुकटीचे २८.२ आठवा. सातचे चौपट करा, २८ होतात. भुकटीचा आकडा जुन्या मापाशी जुळतो आणि पालकाचा घेतला आहे नव्या मापाचा. जुने जुन्याशी लावले तर पालक पुढे, नवे नव्याशी लावले तरी पालक पुढे. शेवगा २५ पट पुढे जातो तो फक्त एकाला जुनी तागडी आणि दुसऱ्याला नवी लावली तरच. २०१७ च्या तक्त्यात पुन्हा आकडे हलले आहेत : शेवगा सुमारे साडेचार, पालक सुमारे तीन. किलोला किलो शेवगा दीडपट. कॅलरीला कॅलरी मात्र पालक जवळजवळ दुप्पट. पंचवीस पट कोणत्याच वाटेने येत नाहीत.

दुधाचे पाहा. दुधाच्या १७ पट कॅल्शियम म्हणजे भुकटीचे २,००३ आणि गायीच्या पातळ दुधाचे १२०. त्याच दुधाची साय काढून भुकटी केली तर तिच्यात १,३७० असते. भुकटीला भुकटी लावा, १७ पटीचे दीडपट होतात. घरी दुभते जनावर असलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे, कारण या आकड्यात दुधाची बदनामी आहे आणि दुधाचे पत्रक छापायला आपल्याकडे पैसे नाहीत.

आणि संत्री? तिथे भुकटी चालतच नाही. क जीवनसत्त्व वाळवताना आणि उन्हाने उडते. फ्युगलींच्याच तक्त्यात भुकटीत ते १७.३ मिलिग्रॅम उरले आहे. म्हणून सात पटीसाठी पत्रकाने गुपचूप ओला पाला घेतला, २२०, आणि संत्र्याचे ३०. एकाच कागदावर एका ओळीत भुकटी, दुसऱ्या ओळीत ओला पाला, आणि विकायची आहे फक्त भुकटी. वऱ्हाडातल्या संत्रावाल्यांनी हे पत्रक वाचले असेल तर त्यांना काय वाटले असेल कोण जाणे.

आमचे शेवग्याशी वैर नाही, उलट आहे ते प्रेम. पालकातले कॅल्शियम तक्त्यात दिसते तेवढे अंगी लागत नाही. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते, आणि शंभरातले पाचच भाग शरीराला मिळतात. दुधातले तीसेक मिळतात. शेवग्याच्या पाल्यात विरघळणारे ऑक्झॅलेट पालकाहून फार कमी. हे गणित किलोच्या तागडीतही येत नाही आणि कॅलरीच्याही नाही. शेवग्याची खरी थोरवी इथे आहे आणि पत्रकात तिचा उल्लेखच नाही. पाल्यातले लोहही सगळे अंगी लागत नाही. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर जास्त लागते.

मग आपल्या घरात कोणती तागडी लावायची? आम्हाला विचाराल तर ताटाची. भाजी आपण कॅलरीसाठी खातच नाही. कॅलरी भाकरी देते. दिवसभर निंदणाला वाकलेल्या बाईला शंभर कॅलरीची भाजी वाढा असे कोणी म्हणत नाही, एक वाटी वाढतात. एका वाटीत काय आले तेवढेच खरे. लहान पोराचे पोट एवढेसे, त्याला पालकाच्या तीन वाट्या जात नाहीत. त्याच्यासाठी घट्ट भाजी बरी, म्हणजे शेवगा, तांदुळजा, मेथी. शहरात बसून काम करणारा, ज्याच्या कॅलरी आधीच जास्त झाल्या आहेत, त्याने कॅलरीला कॅलरी पाहून पालक खावा. तिथे ती तागडी योग्यच आहे. चूक तागडीची नाही, कुणाच्या दारात ती टांगली त्याची आहे.

शाळेच्या खिचडीत ही चूक सरकारी शिक्क्याने होते. प्राथमिक शाळेच्या मुलाला दुपारच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने द्यायची असा नियम आहे. १०० ग्रॅम तांदळाने ३४५ कॅलरी कागदावर भरतात. ५० ग्रॅम भाजी नियमात आहे, पण पालक घातला तर तिच्या कॅलरी होतात १३. कॅलरीच्या रकान्यात ती भाजी असून नसल्यासारखी. हिशेब तपासणाऱ्याला कळणारही नाही की ती पडली की नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत जवळपास ६९ मुले आणि १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ५४ जणी रक्ताने कमी निघाल्या. मागच्या पाहणीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. कॅलरीचा रकाना भरलेला असतानाच हे झाले आहे.

कॅलरीला कॅलरी ही तुलना जिथे निखळ न्यायाची ठरते अशी एक जागा आहे, आणि ती आपल्या शेतात आहे. ज्वारी आणि तांदूळ. १०० ग्रॅमला ज्वारीच्या ३४९ कॅलरी, तांदळाच्या ३४५. दोन्ही कोरडी धान्ये, पाण्याचा घोळ नाही, भागाकाराची गरजही नाही. किलोने तोला नाहीतर कॅलरीने, निकाल एकच. ज्वारीत प्रथिने १०.४ ग्रॅम, पांढऱ्या तांदळात ६.८. लोह ज्वारीत ४.१, तांदळात ०.७. कॅल्शियम २५ आणि १०. आता २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा काढून पाहा. त्यात रेशनचे दर लिहिले होते : तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, आणि भरड धान्य १ रुपया. सर्वात सकस ते सर्वात स्वस्त. नावही भरड! २०२३ पासून ते सारे फुकट झाले, आणि त्याच वर्षी अर्थसंकल्पात त्याच भरडाचे श्रीअन्न झाले. नाव बदलायला शाई लागते. रेशनच्या पोत्यात आपल्याकडे किती ज्वारी येते ते प्रत्येकाने आपल्या गावच्या दुकानात जाऊन पाहावे. इंडियातल्या दुकानात मात्र त्याच ज्वारीच्या लाह्या छोट्या डब्यात, पौष्टिकतेचा तक्ता चिकटवून, आपण बाजारात ऐकलेल्या भावाच्या कितीतरी पटीने विकल्या जातात.

उमरठच्या त्या घरी आम्हाला जेवायला टाकळ्याची भाजी होती. पहिल्या पावसानंतर वाटेच्या कडेला उगवतो, कुणी पेरत नाही. पाने पाहिली आणि आम्ही हसलो, हा तर आपला तरोटा! आपल्याकडे बांधावर तोच, नाव तेवढे वेगळे. आपण कोळपून टाकतो, आणि आता तर तणनाशक मारून. म्हातारी म्हणाली, कोवळी दोन पानांची असतानाच खुडायची, मग कडू लागत नाही. सोबत कुरडू होता, नाचणीची भाकरी होती. त्या ताटाची पटीत तुलना करणारे पत्रक कुणी छापणार नाही, कारण विकायला त्यात काही नाही. आमच्या लहानपणी घरात अंबाडी, घोळ, चिवळ, तांदुळजा हे सगळे आठवड्यात एकदा तरी होत असे. आज कोरडवाहू गावातल्या आठवडी बाजारातून आपण कोबी विकत आणतो, ज्यात ९२ टक्के पाणी आणि कॅल्शियम ३९ मिलिग्रॅम, आणि बांधावरचा तांदुळजा, ज्यात ३९७, तो उपटून फेकतो. इथे तर किलोने मोजा की कॅलरीने, तांदुळजाच पुढे राहतो. पण बाजारात त्याला नाव नाही, म्हणून घरातही मान नाही. यात कंपनीचा दोष नाही, आपला आहे.

आता शेवगा लावू इच्छिणाऱ्यांशी कामाचे दोन शब्द. लावा, जरूर लावा. आपल्या हलक्या जमिनीत, निचरा असेल तिथे, तो उभा राहतो. पीकेएम-१, भाग्या, कोकण रुचिरा असे वाण मिळतात, पण हे मुख्यतः शेंगेसाठीचे वाण आहेत. पाल्यासाठी दाट लावून वरचेवर छाटणी करावी लागते आणि छाटणीला मजुरी लागते, हे पत्रकात नसते. करार हाती आला तर पहिला प्रश्न विचारा की भाव ओल्याचा की वाळल्याचा. ४ किलोचा १ किलो होतो, म्हणून भुकटीचा भाव ऐकून हुरळू नका. आधी चाराने भागा, मग वाळवणीचा, जागेचा, निवडणीचा खर्च वजा करा. काडी धरून तोलणार की नुसते पान, तेही लिहून घ्या. पाने ओरबाडून काडी बाजूला काढल्यावर वजन बरेच उतरते. आणि ओलावा मोजणारे यंत्र कुणाचे, ते कुठे ठेवलेले असेल, हे विचारायला लाजू नका. कापसात आपण तो धडा पैसे भरून शिकलो आहोत.

उमरठच्या घरधन्याला आम्ही हा सगळा हिशेब दोन पानी पत्रात लिहून पाठवला. त्याचे उत्तर आले. नाचणी मोडली नाही. परड्यात, निचऱ्याच्या उंचवट्यावर, आईने स्वतः दोन फांद्या रोवल्या आहेत, घरापुरत्या. कंपनीचा माणूस पुन्हा आला होता. त्याला त्याने विचारले, पालकाची भुकटी केली तर किती पट? तो म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो.

ज्या ज्या तालुक्यात असे पत्रक आले असेल त्यांनी ते जिल्हा बैठकीला येताना सोबत आणावे. करारावर सही झाली असेल तर त्याचीही प्रत आणावी. भाव ओल्याचा लिहिला आहे की वाळल्याचा, ते एकत्र बसून पाहू.